बधिर करून काढलेलं रक्त

चंदीगडहून परत आले त्याच महिन्यात सांगलीच्या आमच्या महिला मंडळात मी तासभर बोलले. गोल चौक सांगितले, सुखना तलाव सांगितला, फुटक्या बांगड्यांपासून केलेल्या बाहुल्या सांगितल्या, पराठ्यावरचा लोण्याचा गोळा तर हातानं आकार करून दाखवला. बायका हसल्या, टाळ्या वाजवल्या, एकीनं गजरा दिला. सांगितलं ते सगळं खरं होतं. फक्त ज्या कामासाठी गेले होते त्याचं काय झालं, ते मी ‘छान झालं’ म्हणून उरकलं. ते छान झालं नव्हतं. आता निवृत्त झालेय, कुणाची भीड उरलेली नाही, म्हणून तोच प्रवास पुन्हा सांगते. या खेपेला लोणी कमी असेल.

कशासाठी गेले

मी भूलतज्ज्ञ. ऑपरेशनच्या टेबलावर माणसाला झोपवणारी आणि, त्याहून महत्त्वाचं, परत उठवणारी. सत्त्याण्णव सालच्या नोव्हेंबरात महिन्याची रजा काढून मी चंदीगडला एका ट्रस्टच्या रुग्णालयात शिकायला गेले. त्याचं नाव सांगत नाही, आणि आता ते त्या नावानं उरलेलंही नाही.

तिथले भाटिया सर एका विचित्र प्रश्नाच्या मागे लागले होते. दाताच्या डॉक्टरकडे हिरडीत टोचतात ते लिग्नोकेन तुम्हाला माहीत असेल. ते नस बधिर करतं, हे आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ. पण ते रक्तातल्या पांढऱ्या पेशींनाही सुस्त करतं. जंतू दिसले की या पेशी त्यांच्याकडे सरपटत जातात आणि त्यांना खातात. सेप्सिसमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच पेटून उठतं तेव्हा, याच पेशी पिसाळल्यासारख्या फुप्फुसात, मूत्रपिंडात घुसतात आणि आपल्याच अवयवांची नासधूस करतात. आग विझवायला धावलेल्या माणसांनीच घर तुडवावं तसं. मग अशा रोग्याला लिग्नोकेन देऊन त्यांना जरा आवरावं का? की त्यांना आवरलं तर जंतूंना रान मोकळं मिळेल? मी हे औषध वीस वर्षं रोज वापरत होते आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. सरांना पत्र टाकलं. उत्तर आलं, ‘महिनाभर या, हातानं करून बघा.’

आकड्यांचं गाव

आमच्याकडे पत्ता सांगायचा म्हणजे मारुतीच्या देवळापासून सुरुवात. इथे देऊळ नाही, पार नाही, नुसता सेक्टरचा आकडा. पहिल्याच दिवशी मी गेस्ट हाऊसचा आकडा विसरले आणि सायकल रिक्षावाल्याला ऐटीत म्हणाले, “वो चौक, जहाँ बहुत झाड हैं.” तो पाय टेकवून उतरला, मान मागे टाकून हसला आणि म्हणाला, “बीबीजी, यहाँ तो सब चौक में झाड़ हैं.” अर्धं गाव फिरवलं त्यानं मला. शेवटी एका एसटीडी बूथवरून प्रयोगशाळेत फोन केला, तेव्हा हरप्रीत नावाची मुलगी स्कूटरवरून न्यायला आली.

ही हरप्रीत भाटिया सरांची संशोधक विद्यार्थिनी. सत्तावीस-अठ्ठावीसची, उंच, लांब वेणी, बोलणं धबाधबा. तिची शिष्यवृत्ती डिसेंबरअखेर संपत होती. प्रबंधाचं बरंचसं काम झालं होतं, आणखी थोड्या रोग्यांचं रक्त तपासून झालं की ती मोकळी. “बस, पंद्रह-बीस सॅम्पल और, मॅडमजी,” म्हणाली, “फिर शादी, फिर आराम.” मला ती फार आवडली. हे मुद्दाम सांगतेय, कारण पुढे मी तिच्याशी जे वागले ते आवडत नसलेल्या माणसाशीसुद्धा कुणी वागू नये.

काचेवरची शर्यत

काम बघायला सुंदर होतं. अतिदक्षता विभागातून सेप्सिसच्या रोग्याचं रक्त आणायचं, ते नळीत उभं ठेवायचं. लाल पेशी खाली बसल्या की वरचा पांढऱ्या पेशींचा थर अलगद घ्यायचा. त्याचे दोन भाग करायचे. एकात लिग्नोकेन, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी. मग काचेवर जेलीचा पातळ थर देऊन त्यात बारीक खळगे पाडायचे. एका खळग्यात पेशी, शेजारच्यात जंतूंचं आमिष. दोन-अडीच तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, कोण किती सरपटलं. मिठाच्या पाण्यातल्या पेशी आमिषाकडे पार पोचलेल्या असायच्या आणि लिग्नोकेनमधल्या दारातच बसलेल्या. हरप्रीतनं जुन्या काचा दाखवल्या तेव्हा मी अक्षरशः “अगं बाई!” म्हणाले. ते ऐकून ती दिवसभर मला ‘अगबाई मॅडम’ म्हणत होती.

आता माझी फुशारकी ऐका. माझा हात हलका आहे अशी ख्याती. शिरेत सुई गेली तरी रोग्याला कळत नाही. मनगटाच्या धमनीतून रक्त काढणं फार दुखतं, आणि इथे तर ते सरळ टोचून काढत होते. मी हरप्रीतला म्हटलं, रक्त मी काढत जाईन, तू तुझ्या काचा सांभाळ. ती खूश झाली.

अतिदक्षता विभागात सिस्टर बलविंदर होत्या. पंचेचाळिशीच्या, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं मोजकं. मी त्यांच्याकडे लिग्नोकेनची बाटली मागितली. त्या म्हणाल्या, “यहाँ तो इसके लिए कोई सुन्न नहीं करता जी.” मी म्हटलं, “हमारे यहाँ करते हैं.” केवढा तोरा होता त्या वाक्यात! त्यांनी ट्रॉलीवरची बाटली दिली.

आमच्याकडची पद्धत अशी. सिरिंजमध्ये थोडं लिग्नोकेन घ्यायचं, कातडीखाली जरासं टोचून फुगा करायचा, उरलेलं पिचकारी मारून टाकायचं, सुई बदलायची आणि त्याच सिरिंजनं रक्त काढायचं. रोगी तोच, मग दुसरी सिरिंज कशाला फोडा? लहान गावात एवढ्याशा गोष्टीत हात आखडून राहायची सवय लागते. पण पिचकारी मारली तरी सिरिंजच्या नाकात औषध थेंबभर उरतं. ते रक्तात मिसळतं. रोग्याला त्यानं काही होत नाही. काचेवरच्या पेशींना मात्र तेवढं पुष्कळ.

तुम्ही म्हणाल, बाई, तुम्ही त्याच औषधाचा परिणाम शिकायला गेलात आणि तुम्हाला कळू नये? हो. नाही कळलं. भिंतीवर कागदच लावला होता की ज्याचं रक्त घ्यायचं त्याला आधी लिग्नोकेन दिलेलं नसावं. मी तो वाचला होता. खाली सहीसुद्धा केली होती. पण कातडीखालचा तो इवलासा फुगा म्हणजे औषध देणं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. माझ्या लेखी ते हात धुण्यासारखं होतं. वीस वर्षांची सवय हाताला, आणि डोकं आपलं मेलं मिरवण्यात गुंग.

चालेनाशा झाल्या

दुसऱ्या दिवसापासून पेशी चालेनात. मिठाच्या पाण्यातल्याही नाहीत. दोन्ही खळगे सारखेच, सगळ्या दारात बसलेल्या. हरप्रीतनं जेली बदलली. पाणी बदललं. उबवणीचं कपाट घासून पुसून काढलं. आमिषाची नवी बाटली फोडली. रोज दुपारी सूक्ष्मदर्शकावरून डोकं वर काढायची आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवायची. मी तिला धीर द्यायचे. आलं घालून आपल्या पद्धतीचा चहा करून पाजायचे. दहा दिवस गेले असे.

मग एके दिवशी भाटिया सरांनी माझ्यादेखत तिला विचारलं. आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट. “हरप्रीत, पहले चलते थे, अब नहीं चलते. पहले वाले सच में चले थे ना?”

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिच्या तोंडावरचा रंग उतरला. जुने आकडे तिनं घरी बसून भरले असं त्यांना म्हणायचं होतं. प्रबंध बुडेल एवढ्यावर ते आता थांबणार नव्हतं, मुलीच्या नावाला खोटेपणाचा डाग लागणार होता. “सर, स्लाइडें हैं मेरे पास,” ती म्हणाली. सर म्हणाले, “स्लाइडों पर तारीख कौन लिखता है? तुम ही ना?”

पुढच्याच दिवशी, शनिवारी, ट्रॉलीवरची लिग्नोकेनची बाटली संपलेली होती. सिस्टर म्हणाल्या, मागवलीय, तासाभरात येईल. मला घाई होती. तसंच टोचलं. रोगी, एक ट्रक ड्रायव्हर, केवढ्यानं ओरडला! मला वाईट वाटलं. आणि दुपारी हरप्रीत सूक्ष्मदर्शकावरून उठून किंचाळली, “चल पए! मॅडमजी, चल पए!”

मी डोळा लावून बघितलं. पेशी पार आमिषापर्यंत पोचल्या होत्या. हरप्रीत माझ्या गळ्यात पडली होती. त्या क्षणी सगळं लख्ख कळलं. फुगा, पिचकारी, सिरिंजचं नाक. तेव्हाच तोंड उघडायला हवं होतं. दहा सेकंदांचं काम होतं. मी म्हटलं, “वा! अभिनंदन!”

साग

रविवारी हरप्रीतच्या घरी, पंचकुल्याला, जेवायचं आमंत्रण होतं. तिच्या आईनं पहाटेपासून सरसोंचा साग घोटला होता. आपण पालेभाजी परतून मोकळी करतो, इथे ती तासन्‌तास घोटून लापशी करतात, वर लोणी, सोबत मक्याची जाड रोटी आणि गूळ. आग्रह आपल्यासारखाच, फक्त ताट मोठं. “आपके आने से शुभ हुआ जी,” आई म्हणाल्या. मुलीसाठी गुरुद्वारात अरदास करून आल्या होत्या, की हिच्या पेशी चालू देत. पेशी म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, नुसतं त्या चालल्या पाहिजेत एवढं ठाऊक होतं. मी खाली मान घालून साग खाल्ला. दोनदा वाढून घेतला. चव चांगली होती, हेही सांगायची लाज वाटते.

तिथून संध्याकाळी चंडीमंदिरला मामेबहिणीकडे गेले. ललिताचे यजमान फौजेत कर्नल. तिला मी सगळं सांगून टाकलं. तिनं पोह्यांवर खोबरं भुरभुरत ऐकलं आणि म्हणाली, “अगं, आता फुगा करत नाहीस ना? मग झालं तर. पेशी चालताहेत, पोरगी खूश. तू पाहुणी. कशाला स्वतःची शोभा करून घेतेस?”

तिची कॉलेजातली मुलगी मिनी आतून बाहेर आली. मराठी सगळं समजतं, उत्तर हिंदीत. “तो बता दो ना, मौसी. सिंपल.”

ललिता तिच्यावर डाफरली, मोठ्यांच्यात बोलू नको म्हणून. मला ललिताचं पटलं. पटवून घेतलं म्हणा.

सिस्टरांची ताकीद

सोमवारपासून मी मुकाट्यानं फुगा बंद केला. पेशी रोज चालू लागल्या. मला वाटलं, सुटले. पण भाटिया सर आणखीच बिथरले. गुरुवारी त्यांनी हरप्रीतला, मला, सगळ्यांना बोलावलं. “चले, फिर रुके, फिर मेरे एक बार टोकते ही चल पड़े. सेल डाँट सुनते हैं क्या?” म्हणाले, कारण सापडत नाही तोवर प्रबंध पुढे जाणार नाही. हरप्रीत रडली नाही. टेबलाची कड घट्ट धरून उभी होती.

आता मात्र राहवेना. मी म्हणाले, “सर, मला वाटतं, त्या दहा दिवसांत रक्त काढताना आयसीयूत लिग्नोकेनचा वापर होत होता. सिरिंजमध्ये ते राहिलं असावं.” एवढंच. कोण वापरत होतं ते जिभेवर येऊन परत गेलं. रक्त मी काढते हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण सिरिंज तयार करून हातात द्यायचं काम सिस्टरांचं, असाच त्यांचा समज.

सरांनी कपाळावर हात मारला. चार मिनिटांत त्यांनी स्वतः सिरिंजमध्ये औषध भरून, ओतून, उरलेला थेंब काचेवर पाडून दाखवला. हरप्रीतचे दहा दिवस बाद, जुने आकडे निर्दोष. मग सगळे खाली आयसीयूत गेलो. सर म्हणाले, “सिस्टर, ये लिग्नोकेन की शीशी सॅम्पल के लिए किसने दी?”

सिस्टर बलविंदरनी चष्म्यातून माझ्याकडे एकदा बघितलं. मला पुरेसा वेळ दिला त्यांनी. मी माझ्या चपलांकडे बघत होते.

“मैंने दी थी जी,” त्या म्हणाल्या. खरंच त्यांनीच दिली होती.

संध्याकाळपर्यंत त्यांना लेखी ताकीद मिळाली. अठरा वर्षांच्या नोकरीतली पहिली. शिवाय भिंतीवर नवा हुकूम लागला, आयसीयूत रक्त काढताना कुणालाही बधिर करायचं नाही. हरप्रीतनं मला मिठी मारली. “मॅडमजी, आपने बचा लिया.” तिच्या आईनं डबाभर पिन्नीचे लाडू पाठवले. ते मी गेस्ट हाऊसच्या माळ्याच्या घरी देऊन टाकले, मला गिळवेनात.

निरोपाचा चहा

शेवटच्या आदल्या दिवशी निरोप समारंभ. आपल्याकडे नारळ देतात, इथे फुलकारीची ओढणी दिली, गुलाबी आणि पिवळी. सामोसे होते, पनीरचे पकोडे होते. सर बोलायला उठले. म्हणाले, अनुभवी नजर म्हणजे काय ते मॅडमनी दाखवलं, आमच्या सगळ्यांच्या नाकाखालची चूक शोधली. टाळ्या. सिस्टर मागच्या दाराशी उभ्या होत्या, हातात चहाचा पेला.

मी उठले. रात्रभर घोकलेली हिंदी वाक्यं विसरले आणि जे आलं ते बोलले. “सर, वो लिग्नोकेन मैं देती थी. मेरे हाथ से. सिस्टर का कुछ भी कसूर नहीं है. मैंने माँगा, उन्होंने दिया.”

मला वाटलं, झालं एकदाचं. आता काय व्हायचं ते होवो.

सर हसले. डोळे ओलावले होते त्यांचे. सगळ्यांकडे वळून म्हणाले, “देखा? इसे कहते हैं बड़प्पन. जिसने गलती पकड़ी, वही अपने सिर ले रही हैं. एक नर्स को बचाने के लिए!”

आणि टाळ्या! आधीपेक्षा जोरात. मी म्हटलं, “नहीं सर, सच में.” सर म्हणाले, “बैठिए, बैठिए मॅडम. जो बीस साल से यही दवा दे रही हैं, वो ऐसा करेंगी? समोसा ठंडा हो रहा है.” हरप्रीतनं माझा दंड प्रेमानं दाबून मला खाली बसवलं. मी ओरडू शकले असते. टेबलावर हात आपटून सांगू शकले असते. मी बसले, आणि सामोसा खाल्ला. दाराशी बघितलं तर सिस्टर गेल्या होत्या.

शेवटची सकाळ

दुपारची गाडी होती. सकाळी मी आयसीयूत गेले. सिस्टर एका म्हाताऱ्या सरदारजींच्या मनगटापाशी वाकल्या होत्या. मला बघून चकित वगैरे झाल्या नाहीत. “आ ही गए हो तो हाथ पकड़ लो इनका,” म्हणाल्या.

मी त्यांचा तळहात धरला. सुई आत गेली आणि म्हातारबाबांनी “हाय ओ रब्बा” करून माझी बोटं अशी आवळली की अंगठी रुतली. डोळ्यांतून पाणी आलं त्यांच्या. नव्या हुकमाप्रमाणे बधिर करायचं नव्हतं. सिस्टर शांतपणे “बस जी, बस, हो गया” म्हणत रक्त घेत राहिल्या. सिरिंज भरेपर्यंत मी हात सोडला नाही.

मग म्हणाले, “सिस्टर, मैं सर को लिखकर दूँगी. घर जाकर चिट्ठी भेजूँगी. फिर मानना ही पड़ेगा.”

त्यांनी मनगटावर कापूस दाबून धरला, घड्याळात बघितलं. “रहने दो जी. दूसरी बार बोलोगे तो और बड़े हो जाओगे. कागज़ तो मेरी फाइल में ही रहेगा.” आवाजात राग नव्हता. कापसावरची पट्टी चिकटवून त्या पुढच्या खाटेकडे गेल्या.

मी पत्र लिहिलं नाही. सिस्टरच नको म्हणाल्या होत्या, असं मी स्वतःला इतकी वर्षं सांगत आले. पण त्या नको म्हणाल्या तेव्हा, त्या खाटेशी उभं राहून, मला मनातून हायसं वाटलं होतं.